साळिंदरांचा मानाचा कॉम्प्युटर

एका जंगलात रेंज भरपूर होती आणि पाणी कमी होतं.

मुलांनो, हे जंगल कुठे आहे ते विचारू नका. गोष्टीतल्या जंगलाचा पत्ता विचारायचा नसतो. खिडकीतून बाहेरही बघू नका. गोष्ट ऐका.

त्या जंगलात एक डोह होता. पावसाळ्यात तो मोठा असे, तेव्हा सगळे प्राणी एकमेकांशी प्रेमाने वागत. उन्हाळ्यात तो परातीएवढा होई. मग प्रेमही तेवढंच उरे. पहाटे जी जमात पहिली जाई तिला नितळ पाणी मिळे. दुसरीला जरा कमी नितळ. रानडुकरं जाऊन आली की डोहात फक्त चिखल राही. आणि रानडुकरांच्याही मागून, सगळ्यात शेवटी, साळिंदरांची पाळी असे.

असं का? कारण पाळी मारामारीवर ठरे. आता साळिंदरांना मारामारी येत नाही असं नाही. पण ती पाठ करून मारामारी करतात. पंच म्हणत, पाठ केली म्हणजे हरलात.

तीन उन्हाळे साळिंदरांनी चिखल गाळून प्यायला. तरुणांना तो पचला. बयाबाईला पचेना. बयाबाई जमातीतली सगळ्यात म्हातारी साळिंदरीण. तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. वैद्यबुवा म्हणाले, "औषध काही नाही. नितळ पाणी द्या. नाहीतर हा उन्हाळा काही म्हातारी काढत नाही." एवढं सांगून वैद्यबुवा दक्षिणा घेऊन गेले. नितळ पाणी कुठून आणायचं ते सांगायची वेगळी दक्षिणा पडते.

बयाबाईला एक सून होती. द्वारका तिचं नाव. बयाबाईचा मुलगा पलीकडच्या रानात मुळं शोधायला गेला होता आणि तिकडेच रमला होता. बिळात या दोघीच. द्वारका रोज चिखल आणी, पानाच्या द्रोणात ठेवी, तीनदा गाळी. तरी बयाबाई घोट घेऊन तोंड वाकडं करी.

"काय गं हे? डुकराच्या अंगाचा वास येतोय."

"आत्याबाई, डोळे मिटून प्या."

"वास डोळ्यांनी येतो का?"

असं चाललं होतं.

त्या वर्षी वाघमहाराजांचे प्रधान, म्हणजे तरसराव, परदेशी अभ्यासदौऱ्यावर गेले. अभ्यास झाला की नाही माहीत नाही, दौरा झाला. परत येऊन ते म्हणाले, "महाराज, बाहेर आता कुणी दातांनी लढत नाही. सगळे पडद्यावर लढतात. हाडं मोडत नाहीत, रक्त सांडत नाही. आणि हरलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा लढायला येतो."

महाराजांना शेवटचं वाक्य आवडलं नाही. बाकीची आवडली. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली.

"यंदापासून डोहाची पाळी कॉम्प्युटरवरच्या खेळाने ठरेल हो! प्रत्येक जमातीने आपला कॉम्प्युटर आपण जुळवायचा हो! तयार विकत आणलेला चालणार नाही हो! सुटे भाग नाक्यावर कोल्ह्याच्या दुकानात मिळतील हो!"

कोल्हा प्रधानांचा कोण लागतो, हे दवंडीत नव्हतं.

द्वारका धावत बिळात आली. "आत्याबाई, ऐकलंत? यात पाठ केली काय आणि नाही केली काय, कुणी विचारणार नाही!"

बयाबाई म्हणाली, "मला पाणी मिळणार का ते सांग."

"मिळणार. पहिलं मिळणार."

द्वारका कोल्ह्याच्या दुकानात गेली. एक दिवस नाही, सलग पाच दिवस गेली. तिने काही घेतलं नाही. प्रत्येक खोक्यातली माहितीची घडी काढायची, उलगडायची, वाचायची, पुन्हा होती तशी घडी घालून ठेवायची. पाठीवरचा एक काटा उपटून तिने त्याची मोजपट्टी केली. त्यावर दाताने खुणा पाडल्या.

कोल्हा म्हणाला, "बाई, घ्यायचं काय?"

"अजून वाचतेय."

"एवढी वर्षं दुकान चालवतोय. खोक्यातला कागद वाचणारं गिऱ्हाईक आजच बघितलं."

मुलांनो, आता थोडं शिकू या. कॉम्प्युटरच्या पोटात चार-पाच मुख्य वस्तू असतात. प्रोसेसर हे त्याचं डोकं. ते बिस्किटाहून लहान असतं. ते मदरबोर्ड नावाच्या पाटीवरच्या खाचेत बसतं. प्रत्येक डोकं प्रत्येक खाचेत बसत नाही. रॅमची पट्टी ही त्याची आठवण, तिलाही तिच्या मापाची खाच लागते. ग्राफिक्स कार्ड चित्रं रंगवतं. ते लांबलचक असतं, म्हणून डबा त्याहून लांब लागतो. आणि पॉवर सप्लाय सगळ्यांना वीज वाढतो. पंगतीला जेवढी पानं, तेवढा भात लागतो. झालं. तुम्हाला समजलं ना? म्हणून तर तुम्हाला अजून कुणी पाटील केलेलं नाही.

द्वारकाने कागद केला. कोणता प्रोसेसर, त्याला कोणता बोर्ड, त्यात कोणतं कार्ड, त्याला केवढा डबा, सगळ्यांना मिळून किती वीज. प्रत्येक वस्तूसमोर तिचं माप. कागद घेऊन ती सभेला गेली.

सभा वडाखाली होती. मध्यभागी काटेराव पाटील बसले होते. त्यांच्या उजवीकडे पाटलीणबाईंचे भाऊ पिलाजीमामा. डावीकडे जावई शिवदासराव. जावई सासुरवाडीला चार दिवसांसाठी आले होते, त्याला आता दोन वर्षं झाली होती.

पाटलांनी कागद हातात घेतला, वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला.

"अक्षर छान आहे. पण यात नावं कुठायत?"

"भागांची नावं आहेत की, पाटील."

"भागांची नव्हे गं. माणसांची. कोणता भाग कुणाकडून यायचा?"

"कुणाकडूनही येऊ दे. एकमेकांत बसले म्हणजे झालं."

बाईने भरल्या मांडवात काही अभद्र बोलावं तसं सगळ्या सभेने तिच्याकडे पाहिलं.

"कुणाकडूनही?" पिलाजीमामा म्हणाले. "बाजारची भाजी आहे का ही? जमातीचं कार्य आहे."

"मग काय करायचं?" पाटलांनी विचारलं.

"काय म्हणजे? याद्या करायच्या."

मुलांनो, लग्नाआधी दोन्हीकडची माणसं बसतात आणि कुणी काय द्यायचं ते कागदावर लिहितात. त्याला याद्या करणं म्हणतात. कागदाला हळदकुंकू लावतात. एकदा कुंकू लागलं की त्या कागदातलं काही बदलत नाही. एखाद वेळी नवरा बदलतो, याद्या नाही.

सुपारी आली. कुंकू आलं. द्वारकाचा कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर याद्या लिहिल्या गेल्या.

पिलाजीमामा म्हणाले, "मदरबोर्ड. नावातच आई आहे. म्हणजे तो आजोळचा. मान मामाचा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाटील म्हणाले, "ग्राफिक्स कार्ड सगळ्यात मोठं असतं ना? मग ते आमचं."

"आणि डोकं?"

सगळे शिवदासरावांकडे बघू लागले. शिवदासराव रीतीप्रमाणे तीनदा नको म्हणाले. चौथ्यांदा कुणी आग्रह करायच्या आत हो म्हणाले.

डबा सगळ्या जमातीने मिळून आणायचा ठरलं. काचेचा, सात रंगांच्या दिव्यांचा. रॅमच्या दोन पट्ट्या जमातीतल्या दोन जावांना दिल्या, एकीला एक. जोडीने आणल्या असत्या तर एकीचं नाव आधी घ्यावं लागलं असतं.

राहिला पॉवर सप्लाय.

"तो कुठे असतो?" पाटलांनी विचारलं.

"डब्यात. खाली, मागच्या अंगाला," द्वारका म्हणाली.

"दिसतो?"

"नाही."

"मग तो तू आण."

द्वारका म्हणाली, "आणते. पण मामा, तुम्ही कोणत्या खाचेचा बोर्ड घेणार तेवढं सांगून ठेवा. म्हणजे जावईबापू त्याच मापाचा—"

"अगं, आहेर आधी उघडून दाखवतात का?" मामा हसले. सगळी सभा हसली. जावईबापूही हसले, आणि ते सहसा हसत नसत.

आठ दिवसांनी भाग आले. वाजत आले. पुढे बेडकांचा ताशा, मागे तबकात एकेक वस्तू, वर भरजरी पान. पाटलीणबाईंनी प्रत्येक भागाला ओवाळलं, हळदकुंकू वाहिलं. मदरबोर्डाच्या खाचेत चिमूटभर कुंकू पडलं. द्वारकाने खाली वाकून ते फुंकरीने काढलं. "नमस्कार करतेय बघा," बायका म्हणाल्या.

ती माप घेत होती.

मामांनी आणलेल्या बोर्डाची खाच चौकोनी होती. जावयाने आणलेला प्रोसेसर लांबट होता. एका जावेची रॅम नव्या पिढीची, दुसरीची जुन्या पिढीची. पाटलांचं कार्ड तीन पंख्यांचं होतं आणि डब्याहून चार बोटं लांब होतं. सगळ्या वस्तू उत्तम होत्या. कोल्ह्याच्या दुकानात त्यांच्याहून चांगल्या नव्हत्याच. फक्त त्यांतली एक दुसरीत जात नव्हती. अपवाद जुन्या रॅमचा आणि पॉवर सप्लायचा. तो जिथे बसायचा तिथे बसत होता, आणि तिकडे कुणी बघत नव्हतं.

द्वारका कोल्ह्याकडे गेली.

कोल्हा म्हणाला, "आठ दिवसांत बदलून देतो, बाई. मी बेइमान नाही. एवढंच की ज्याने नेलंय त्याने स्वतः येऊन सांगायचं, की माझं चुकलं."

"एवढंच?"

"एवढंच," कोल्हा म्हणाला. "आजवर कुणी आलेलं नाही."

द्वारका पिलाजीमामांकडे गेली.

"मामा, बोर्ड बदलून आणता का? दुसऱ्या खाचेचा."

"मी का? जावयाला सांग डोकं बदलायला."

ती शिवदासरावांकडे गेली. शिवदासराव उताणे पडून कंद खात होते. साळिंदराला उताणं पडणं सोपं नाही, पण सासुरवाडीला गाद्या मऊ असतात.

"मी बदलू?" ते म्हणाले. "मामांच्या पाटीसाठी? वहिनी, माझ्या आईला कळलं ना, तर ती मला आजच्या आज परत बोलावेल."

हे ऐकून द्वारका क्षणभर विचारात पडली. यात जमातीचा फायदा होता. पण कॉम्प्युटरचा प्रश्न सुटत नव्हता.

ती पाटलांकडे गेली. पाटलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा त्यांचा मोठा गुण होता, आणि तो तिथेच थांबत असे.

"कार्ड लांब आहे म्हणतेस, की डबा आखूड आहे म्हणतेस?"

"एकच की ते, पाटील."

"एक नाही. कार्ड लांब म्हटलं तर मी चुकलो. डबा आखूड म्हटलं तर सगळी जमात चुकली. सगळी चुकली म्हणजे कुणीच चुकलं नाही. डबा आखूड आहे."

"बरं. मग डबा तरी बदलू या."

"सात रंगांचे दिवे आहेत त्याला!"

"पाटील, आत्याबाईंना नितळ पाणी मिळालं नाही तर त्या राहायच्या नाहीत."

पाटलांचा आवाज मऊ झाला. "त्यांच्यासाठीच चाललंय ना हे सगळं? तू फार मापं काढतेस, द्वारका. जरा श्रद्धा ठेव."

मग जुळवणीचा समारंभ झाला. मुहूर्त साधून शिवदासराव पुढे आले. त्यांनी लांबट प्रोसेसर चौकोनी खाचेवर ठेवला. तो डुगडुगला.

"दाबा जरा, जावईबापू!" मामा म्हणाले.

"दाबू नका!" द्वारका ओरडली. "खाली पिना आहेत. केसाएवढ्या बारीक."

"काटे कसे हाताळायचे ते साळिंदरांना शिकवते ही," शिवदासराव म्हणाले, आणि त्यांनी दाबलं.

कर्र असा आवाज आला.

"बसला!" मामा म्हणाले. टाळ्या पडल्या. जुन्या पिढीची रॅम खाचेत गेली. नवी जाईना, तेव्हा ती दोऱ्याने शेजारी बांधली, म्हणजे धाकटी जाऊ रुसायला नको. मग कार्ड. कुरतडण्यात साळिंदरांचा हात कुणी धरत नाही. चौघांनी मिळून डब्याला पुढून भोक पाडलं. कार्ड त्यातून चार बोटं बाहेर आलं. बाहेर आलेल्या भागाला हार घातला.

बटण दाबलं. पंखे फिरले. सात रंगांचे दिवे लागले. लाल, मग हिरवा, मग जांभळा. ताशा वाजला. पाटलीणबाईंचे डोळे भरून आले.

"चालू झाला! चालू झाला!"

द्वारका म्हणाली, "पडद्यावर काही नाही."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा काळा होता.

"ते स्पर्धेच्या दिवशी येईल," पाटील म्हणाले.

द्वारका घरी आली आणि कोपऱ्यात बसली. बयाबाई पडल्या पडल्या म्हणाली, "दिवे लागले म्हणे."

"लागले."

"मग रडतेस कशाला?"

द्वारकाने सगळं सांगितलं. बयाबाईने ऐकलं. मग म्हणाली, "आत नेमकं काय लागतं? शोभेचं सोडून."

"एक छोटा बोर्ड. त्यात बसेल असा जुना प्रोसेसर, चित्रं स्वतःच काढणारा. म्हणजे वेगळं कार्ड नको. रॅमची एक पट्टी. सगळं मिळून माझ्या दोन पंजांएवढं. कोल्ह्याच्या मागच्या ढिगात पडलंय ते. मी मोजून आलेय."

"मग आण की."

"कोल्हा फुकट कशाला देईल?"

"त्याला काय पाहिजे?"

द्वारका स्वतःच्या पाठीकडे बघत म्हणाली, "काटे मागतोय. साळिंदराचे. त्याच्याकडे स्क्रू काढायच्या दांड्यांना मागणी आहे. साठ काटे."

मुलांनो, काट्यांशिवाय साळिंदर म्हणजे काय, ते तुम्ही उंदराकडे बघून समजून घ्या.

बयाबाईने पाठ फिरवली. "तीस माझे घे. म्हाताऱ्या साळिंदरीला कोण घाबरतंय आता?"

"आत्याबाई!"

"घे म्हणते ना. उपटताना बोलत राहा, म्हणजे कळणार नाही."

द्वारका बोलत राहिली आणि उपटत राहिली. बयाबाई एकदाच म्हणाली, "हळू गं, ते माहेरचे आहेत."

उरलेले तीस काटे द्वारकाने स्वतःच्या पाठीचे उपटले. साळिंदरं दिवसा झोपतात. म्हणून द्वारकाने भर दुपारी, लख्ख उजेडात, सगळी जमात घोरत असताना कॉम्प्युटर जुळवला. प्रोसेसर खाचेवर ठेवला तर तो आपणहून खाली बसला. दाबावं लागलं नाही. पॉवर सप्लाय आणि पडदा ती मोठ्या डब्याचा काढून आणी आणि संध्याकाळच्या आत परत नेऊन लावी. एकदाही कुणाच्या लक्षात आलं नाही.

पडदा उजळला. त्यावर एक डोह दिसला, निळा. काठावर प्राणी उभे होते.

"हे पाणी प्यायचं नाही ना?" बयाबाईने विचारलं.

"नाही. खेळायचं आहे."

"दाखव."

बयाबाईला काही काम नव्हतं. ती दिवसभर खेळे. पहिल्या दिवशी तिला रानडुकरांनी नऊ वेळा मारलं. तिसऱ्या दिवशी तिने रानडुकरांना अकरा वेळा मारलं, आणि प्रत्येक वेळी नावं ठेवून मारलं. पोट दुखत होतं तरी ती खेळत होती.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी द्वारका तो छोटा कॉम्प्युटर टोपलीत घेऊन पाटलांकडे गेली. बयाबाई काठी टेकत मागून आली. मामा आणि जावई तिथेच होते.

द्वारकाने मोठ्या डब्याचा पॉवर सप्लाय आणि पडदा त्याला जोडला. पाटलांनी छोट्या कॉम्प्युटरचा पडदा पाहिला. निळा डोह पाहिला. मग आपल्या दिव्यांच्या डब्याकडे पाहिलं. पाटील मूर्ख नव्हते, मुलांनो. ते फक्त पाटील होते.

"हा कुणाच्या मानाचा?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही."

"मग हा कसा चालेल?"

"चालतोय, पाटील."

"तसं नव्हे गं. उद्या महाराज विचारतील, बोर्ड कुणी दिला? काय सांगू? कोल्ह्याच्या ढिगातला? पिलाजीरावांच्या तोंडाकडे बघ."

सगळ्यांनी मामांच्या तोंडाकडे पाहिलं. मामांनी ते तयारच ठेवलं होतं.

"मी उद्याच गाव सोडतो," मामा म्हणाले.

"मी पण," शिवदासराव म्हणाले, पण हळू.

बयाबाई मध्येच खाली बसली. तिला उभं राहवत नव्हतं. ती म्हणाली, "काटेराव, तुझ्या त्या काचेच्या डब्यात जागा आहे ना? आत काही चालत नाही, म्हणजे ते तापतही नाही. त्या लांबड्या कार्डाच्या मागे हे बाळ ठेवून द्या. वरून दिवे लावा. बाहेरून तुमचाच दिसेल."

पाटलांनी मामांकडे पाहिलं. मामांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने कंदाकडे पाहिलं.

"माझा बोर्ड आतच राहील ना?" मामांनी विचारलं.

"राहील."

"मग हरकत नाही. दोन आहेत म्हटल्यावर ताकद दुप्पट."

एक अडचण राहिली होती. खेळायला कोण बसणार? आठ दिवस यावर वाद चालला होता. आता कुणीच वाद घालेना. खेळणारा हरला तर सगळ्या जंगलासमोर हरणार होता.

पाटील म्हणाले, "वयाचा मान मोठा. बयाबाईंनी बसावं."

"बसते," बयाबाई म्हणाली. "तशीही मला उभं राहवत नाही."

स्पर्धेला सगळं जंगल लोटलं. रानगव्यांचा कॉम्प्युटर चांगला होता, पण त्यांच्या खुराखाली एका वेळी बारा बटणं दाबली जात. माकडांनी आपला कॉम्प्युटर इतका सुंदर जुळवला होता की पुन्हा सुटा करून बघायचा मोह त्यांना आवरला नाही. अंतिम सामना रानडुकरं आणि साळिंदरं यांच्यात झाला. रानडुकरांनी यंत्र थंड राहावं म्हणून चिखलात ठेवलं होतं. ते पंधरा मिनिटं थंड राहिलं. मग कायमचं थंड झालं.

पण खरं सांगायचं तर बयाबाई त्याआधीच जिंकत आली होती.

"साळिंदरांना पहिली पाळी!" प्रधान ओरडले.

वाघमहाराज स्वतः डब्यापाशी आले. त्यांनी बाहेर आलेल्या कार्डाला पंजा लावून पाहिला. "कुणाची करणी?"

पाटलांनी खिशातून याद्या काढल्या आणि वाचल्या. बोर्ड पिलाजीमामांचा. डोकं शिवदासरावांचं. रॅम दोन्ही जावांची. कार्ड आमचं. डबा जमातीचा. महाराज खूश झाले. "अशी एकी पाहिजे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून प्रत्येक जमातीने अशाच याद्या करायच्या." प्रधानांनी ते लिहून घेतलं. कोल्हा लांब उभा राहून टाळ्या वाजवत होता. तीनच वस्तू लागत तिथे आता सहा विकल्या जाणार होत्या.

सगळ्या मानकऱ्यांना शाल आणि नारळ मिळाला. याद्यांच्या कागदाची मागची बाजू कुणी वाचली नाही. द्वारका गर्दीत उभी होती. शेजारची एक बाई तिच्या पाठीकडे बघून म्हणाली, "काय हे काटे झडलेत! स्वतःकडे जरा लक्ष दे गं. जमातीची बाई चारचौघांत उठून दिसली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पहाटे साळिंदरं डोहावर गेली. चार वर्षांत पहिल्यांदाच पाणी तळापर्यंत दिसत होतं. तळाचे गोटे मोजता आले असते. द्वारकाने बयाबाईला पाठीवर घेतलं होतं. पाठ मोकळी झाली होती, त्यामुळे ते जमलं.

"आत्याबाई, बघा. बघा तरी."

"दिसतंय," बयाबाई म्हणाली. तिची जीभ कोरडी पडली होती. "ने खाली."

द्वारकाने पाऊल टाकलं. पाटलांनी काठी आडवी घातली.

"थांब, द्वारका. असं कसं? मानाप्रमाणे जाऊ या."

आधी पाटील गेले, आणि पाटलीणबाई. वाकून पिणं पाटलांना शोभेना, म्हणून ते आत उतरले. मग शिवदासराव, आणि शिवदासरावांच्या आईकडून खास या दिवसासाठी आलेली अकरा माणसं. मग पिलाजीमामा आणि त्यांचं आजोळ. मग दोघी जावा, एकाच वेळी, दोन बाजूंनी, धक्काबुक्की करत. मग ज्यांनी डब्यासाठी हातभार लावला ती सगळी जमात. सगळ्यात शेवटी मामांना आठवलं की कार्डाला स्नान घालायला हवं. तीन पंख्यांचं कार्ड डोहात बुडवून त्याच्यावर अकरा वेळा पाणी सोडलं. ते पुन्हा चालणार नाही अशी भीती कुणाला वाटली नाही. ते कधी चाललंच नव्हतं.

"पाटील, आत्याबाईंना तरी आधी जाऊ द्या," द्वारका म्हणाली होती. दोनदा म्हणाली होती. "जिंकल्या त्या आहेत."

पाटील प्रेमाने म्हणाले, "खेळायचा मान दिला ना त्यांना? एका माणसाला दोन मान देता येत नाहीत. बाकीच्यांनी काय करायचं?"

ऊन वर आलं तेव्हा द्वारकाची पाळी आली. तिने द्रोण बुडवला. तीनदा गाळला. बयाबाईचं डोकं मांडीवर घेऊन द्रोण तिच्या ओठांना लावला.

बयाबाईने एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. डोळे न उघडता तिने विचारलं, "काय गं, डुकरं आधी येऊन गेली का?"

द्वारकाने मागे पाहिलं. रानडुकरं झाडाखाली रांगेत उभी होती, शहाण्यासारखी, आपल्या पाळीची वाट बघत. त्यांच्या अंगाला चिखलाचा ठिपकाही नव्हता.

"नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "आपलीच माणसं होती."

बयाबाईने दुसरा घोट घेतला नाही.

तात्पर्य: मुलांनो, कॉम्प्युटरचे भाग निवडताना ते एकमेकांत बसतात की नाही हे पाहत वेळ घालवू नये. देणाऱ्याचा मान पाहावा. भाग बसतात. नाही बसले तर रात्रंदिवस खपून, स्वतःचे काटे उपटून ते बसवणारं कुणीतरी प्रत्येक जमातीत असतंच. त्याचं नाव यादीत लिहू नये; उगाच यादी लांबते. आणि त्याच्या घरचं कुणी गेलं, तर भेटायला जाताना मानाप्रमाणे जावं.